बरणीतला उजेड, वावरातला उजेड

दिवाळीच्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या बाजारात उजेडाचे दोन ढीग शेजारी शेजारी लागतात. एका बाजूला मातीच्या पणत्या, बोळकी, वातींची पुडकी. दुसऱ्या बाजूला एलईडीची तोरणं, पाणी ओतलं की पेटणारे दिवे, सेलवर थरथरणाऱ्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या. या दुसऱ्या ढिगात अलीकडे एक नवी वस्तू येऊन बसली आहे: काचेची बरणी, आत केसासारख्या तांब्याच्या तारेवर ओवलेले प्रकाशाचे दाणे आणि झाकणावर काळपट निळी चौकट. वायर नाही, प्लग नाही. दिवसभर उन्हात ठेवायची. अंधार पडला की ती आपली आपण उजळते.

विकली जाते ती शोभेची वस्तू म्हणून. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत ती शोभेचीच राहते. घाटंजी तालुक्यात मात्र शोभा आणि गरज यांच्यातली रेघ फार पुसट आहे. जे पॅनेल, जो सेल आणि जी चिप गावातल्या ओसरीवर बरणी सजवते, तीच तिन्ही कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, म्हणजे पोडावर, पोराच्या वहीवर उजेड पाडतात आणि रानाला लागून असलेल्या वावरात जागलीला गेलेल्या माणसाजवळ रात्रभर जळत राहतात. म्हणून या बरणीकडे खेळणं म्हणून न पाहता, ती कशी चालते, कुठून आली आणि का बंद पडते, हे नीट समजून घ्यायला हवं.

बरणीचं सगळं शहाणपण झाकणात असतं. वरची चौकट म्हणजे सिलिकॉनचे तुकडे जोडून केलेलं चिमुकलं सौर पॅनेल. ऊन चांगलं असलं की ते दोन व्होल्टच्या आसपास दाब देतं. त्याखाली १.२ व्होल्टचा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल. अडचण अशी, की पांढरा एलईडी पेटायला तीन व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि सेलकडे असतो त्याच्या निम्म्याहून कमी. ही तूट भरून काढते चार पायांची एक बारीक चिप आणि तिच्या जोडीला तारेचं छोटंसं वेटोळं. चिप त्या वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. प्रवाह तुटताना वेटोळ्यात दाबाची उसळी येते, ती सेलच्या दाबावर चढते आणि दोन्ही मिळून एलईडी पेटवतात. दिवा खरं तर सतत लुकलुकत असतो, पण इतक्या वेगाने की डोळ्याला तो स्थिर दिसतो.

अंधार ओळखायला या झाकणात वेगळा डोळा नसतो. पॅनेलचा दाब घसरला की चिपच्या लेखी सूर्य मावळला. दुकानदार चौकटीवर तळहात ठेवून भर दुपारी बरणी पेटवून दाखवतो तो याच जोरावर. आणि याच कारणाने रस्त्याच्या खांबावरच्या झगझगीत दिव्याखाली ठेवलेली बरणी रात्रभर पेटत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, माल खराब निघाला.

आता हिशेब पाहू. अशा बरणीत बहुधा ६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल असतो. १.२ व्होल्टने गुणलं तर पूर्ण भरलेल्या सेलात जेमतेम ०.७२ वॉट-तास ऊर्जा मावते. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. म्हणजे ही बरणी जवळजवळ १,४०० रात्री पेटली तेव्हा कुठे एक युनिट भरतं. उजाला योजनेतून २०१५पासून घरोघरी गेलेला ९ वॉटचा बल्ब एवढी वीज पाच मिनिटांत संपवतो. तेव्हा सौर बरण्या लावून विजेचं बिल वाचतं, या जाहिरातीत काही अर्थ नाही. ज्या घरात मीटर आहे तिथे तिने हौस भागवावी, एवढंच. तिची खरी किंमत जिथे तार पोचत नाही, किंवा पोचलेली तार रात्री साथ सोडते, तिथे कळते.

ऊन म्हणाल तर विदर्भात त्याला तोटा नाही. तरीही मे महिन्यात बरणी चांगली चालेल असं समजू नये. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. ते तापत जातं तसा त्याचा दाब उतरतो. निकेल-मेटल हायड्राइड सेलही ४५ अंशांच्या पुढे चार्ज नीट धरत नाही, आणि यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात सावलीतला पारा तिथपर्यंत जातो. बंद काचेच्या आत तर हवा आणखी तापते. पावसाळ्यात उलटी गत: ढगांमुळे सेल अर्धपोटी राहतो, झाकणाच्या फटीतून ओल आत शिरते आणि सेलच्या स्प्रिंगवर गंज चढतो. पॅनेलवर ओतलेला पारदर्शक राळेचा थर दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळा, मग धुरकट होतो. दिवाळीच्या दिवसांत आभाळ निवळलेलं असतं, ऊन सौम्य असतं आणि माल नवा असतो. म्हणून बरणीची पहिली दिवाळी नेहमी झकास जाते. दुसऱ्या दिवाळीला ती माळ्यावरून काढली की पेटत नाही.

काच आणि दिवा यांचं नातं महाराष्ट्रात जुनं आहे, आणि ते आठवलं की आजच्या बरणीत नेमकी कशाची उणीव आहे ते लक्षात येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंदिलाची काच परदेशातून येई. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. पुढे १९१६मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्या वस्तीचं नावच ओगलेवाडी पडलं. तिथला 'प्रभाकर' कंदील घराघरांत गेला. स्वदेशीच्या काळात परदेशी कंदिलासमोर उभा राहिलेला तो मराठी कंदील होता.

त्या कंदिलाचा मोठा गुण असा, की त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळे. काच तडकली तर काच आणा, वात सरली तर वात आणा, बर्नर झिजला तर बर्नर बदला. टाकी गळायला लागली तर बाजारच्या दिवशी डाग देणारा कारागीर ती झाळून देई. कंदील तीस-तीस वर्षं खुंटीला टांगलेला असे, आणि त्यात मूळचं काय उरलं होतं हे कुणी विचारत नसे. रॉकेलच्या धुराने डोळे चुरचुरत, छत काळं होई, चिमणी कलंडून झोपड्या जळत. ते दिवस परत यावेत असं कुणालाही वाटणार नाही. पण दुरुस्तीची ती सोय नव्या दिव्यात यायला हवी होती. ती आली नाही.

सौर बरणीचा जन्म मात्र खास शोभेसाठीच झाला. टोबायस वाँग हा कॅनडात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये काम करणारा डिझायनर. दिवसाचं ऊन बरणीत भरून ठेवायचं आणि रात्री काढायचं, ही कल्पना त्याची. 'सक यूके' या ब्रिटिश कंपनीने ती 'सन जार' या नावाने बाजारात आणली. धुरकट काचेची, घट्ट झाकणाची ती बरणी शहरी भेटवस्तूंच्या दुकानांत गाजली. वाँग २०१०मध्ये, ऐन तारुण्यात गेला.

दक्षिण आफ्रिकेत या कल्पनेला वेगळं वळण मिळालं. तिथल्या घरोघरच्या फडताळात 'कॉन्सॉल' कंपनीची, मुरांबे आणि लोणची भरायची बरणी असते. त्याच बरणीच्या झाकणात पॅनेल बसवून 'कॉन्सॉल सोलर जार' निघाली. ती जोडायला जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा आणि सोवेटो या वस्त्यांतले बेरोजगार स्त्री-पुरुष घेतले गेले. बरणीत वाळू, शिंपले, मणी काहीही भरा, झाकण फिरवून बंद करा. पर्यटक ती आठवण म्हणून नेत राहिले, आणि वीज नसलेल्या घरांतही ती गेली. आज भारतीय बाजारात दिसणाऱ्या बहुतेक बरण्या याच दोघींच्या वंशातल्या आहेत. फरक एवढाच की त्यांचं झाकण चिकटवलेलं असतं.

पण या दोन्ही बरण्यांच्या आधी जपानमध्ये एक काम व्हावं लागलं. लाल एलईडी १९६२मध्ये निक होलोनियाकने करून दाखवला होता, हिरवाही पुढे आला. निळा काही केल्या उजळत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नागोयात, तर शुजी नाकामुरा यांनी तोकुशिमातल्या निचिया कंपनीत गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकावर वर्षानुवर्षं काम केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झगझगीत निळा दिवा हाती आला. त्या निळ्या ठिपक्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा प्रकाश होतो. तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घाटंजीत विकल्या जाणाऱ्या तोरणातला पांढरा दाणा जवळून पाहिला तर पिवळा ठिपका दिसतो. तो हाच लेप.

चकाकणाऱ्या इतर नवलाईच्या वस्तूंचीही जातकुळी पाहण्यासारखी आहे. अंधारात हिरवट उजळणारा 'रेडियमचा' गणपती कित्येक घरांच्या दरवाज्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर असतो. त्यात रेडियम नसतं. क्यूरी पती-पत्नींनी १८९८मध्ये शोधलेलं खरं रेडियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाच्या तबकड्यांवर रंगवत. अमेरिकेत ते काम करणाऱ्या मुली ब्रशाला टोक आणायला तो ओठांत धरत. जबड्याची हाडं कुजून त्यांतल्या कितीतरी जणी गेल्या, आणि उरलेल्यांनी कंपन्यांना कोर्टात खेचलं. पुढे झिंक सल्फाइड आलं; ते निर्धोक होतं पण थोड्याच वेळात विझे. १९९३मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्राँशियम अल्युमिनेटचा रंग काढला. तो दिवसभर उजेड शोषून रात्रभर मंद परत देतो. आजचे ताऱ्यांचे स्टिकर आणि चकाकणारे गणपती त्याचे.

अ‍ॅक्रिलिकच्या पातळ पाटीवर नवरा-नवरीची नावं कोरून खालून उजेड सोडलेला दिवा लग्नात भेट म्हणून हमखास येतो. उजेड पाटीच्या आतल्या आत आपटत पुढे जातो आणि जिथे कोरलेलं आहे तिथेच बाहेर सांडतो. म्हणून अक्षरं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. ऑप्टिकल फायबरमध्येही प्रकाश असाच जातो. आणि पाण्यावर पेटणाऱ्या पणतीच्या तळाशी धातूचे दोन ठिपके असतात. पाण्यातल्या क्षारांमुळे त्या दोहोंमधून अगदी क्षीण प्रवाह वाहतो, तो आतल्या ट्रान्झिस्टरला जागं करतो आणि एलईडी पेटतो. पाणी दिवा जाळत नाही, फक्त बटणाचं काम करतं. ऊर्जा असते ती खाली दडलेल्या बटण सेलची.

हा बटण सेल मात्र हसून सोडून देण्यासारखा नाही. तो लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून प्रवाह वाहू लागतो आणि तिथलं अस्तर जळतं. विशेषतः रुपयाएवढा मोठा लिथियमचा सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. मूल खोकतं, लाळ गाळतं, जेवत नाही; घरच्यांना वाटतं घसा आला असेल. घाटंजीहून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचायला लागणारा वेळ यातून वजा केला, तर हातात किती उरतो याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा. ज्या पणतीचा तळ नखाने उघडतो ती पणती पोराबाळांच्या घरात आणूच नये. स्क्रूने बंद होणारी पणती दोन-चार रुपये महाग असली तरी तीच घ्यावी. शंका आली तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा आणि एक्स-रे काढून घ्यावा.

गावाबाहेर पडलं की उजेडाचे प्रश्न बदलतात. घाटंजी, केळापूर, झरी जामणी, मारेगाव या पट्ट्यात कोलामांची पोडं विखुरलेली आहेत. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेले आदिवासी समाज तीनच: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली. पोड म्हणजे रानाच्या कडेला, बहुधा उंचवट्यावर वसलेली मोजक्या घरांची वस्ती. मूळ गावात वीज आली तरी पोडावर ती उशिरा येते, कारण चार घरांसाठी तार ओढणं हिशेबात बसत नाही. सप्टेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत अशा दूरच्या घरांसाठी सौर संचाची तरतूद होती: पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची दुरुस्ती. १५ नोव्हेंबर २०२३ला जाहीर झालेल्या पीएम-जनमन योजनेत देशातल्या ७५ विशेष असुरक्षित समाजांसाठी रस्ते, घरं, पाणी यांच्यासोबत विजेचाही समावेश आहे, आणि तार नेणं शक्य नाही तिथे सौर संच द्यायचे आहेत.

संच मिळणं आणि संच चालू राहणं यांत अंतर असतं. ते अंतर पोडावर सगळ्यांत मोठं. बॅटरी बसली तर ती बदलायला तालुक्याला यावं लागतं. एक दिवसाची मजुरी बुडते, जाण्यायेण्याचं भाडं पडतं आणि दुकानात तो भाग मिळेलच याची खात्री नसते. मग संच भिंतीवर तसाच राहतो आणि घरात बाजारातून आणलेला स्वस्त सौर दिवा येतो. शोभेचा, बागेत खुपसायचा, बरणीचा, जो मिळेल तो. तो वर्षभर चालला तरी पैसे वसूल, असा साधा हिशेब असतो. त्या घराने निवडलेली वस्तू चुकीची नाही. ती वर्षभरातच मरावी अशी बनवणाऱ्यांकडे बोट दाखवायला हवं.

वावरातली रात्र ही दुसरी गोष्ट. पराटी (कपाशी), तूर, चणा यांच्यावर रानडुकरं आणि रोही (नीलगायी) तुटून पडतात. पीक वाचवायचं तर जागलीला जावं लागतं. शिवाय ओलिताला थ्री फेज वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत येते, मग पंप सुरू करायला काळोखात विहिरीवर जाणं आलंच. राज्य सरकारने २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली, ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच.

इथे रात्री वावरात जाणं म्हणजे काय, हे नकाशा सांगतो. टिपेश्वर अभयारण्य घाटंजी आणि केळापूर (पांढरकवडा) तालुक्यांत पसरलेलं आहे, क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. वाघांच्या मानाने ते लहानसं आहे, आणि तिथले वाघ बाहेर पडतात. २०१९मध्ये टिपेश्वरात रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातून फिरत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची भटकंती सुमारे ३,००० किलोमीटरची भरली. ती बहुतेक रात्रीची, आणि वाटेत शेतंच शेतं. त्याआधी शेजारच्या राळेगाव तालुक्यात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीच्या भीतीने लोकांनी संध्याकाळनंतर घराबाहेर पडणं सोडलं होतं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटी परिसरात तिला गोळी घातली गेली, आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्या काळात ज्यांनी बॅटरीच्या एका झोताच्या भरवशावर पराटीतून वाट काढली, त्यांना दिवा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून शेतकरी लुकलुकणारे सौर दिवे बांधावर लावून पाहतात. ही कल्पना जगात इतरत्रही निघाली. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मसाई मुलाने गाईंच्या गोठ्याभोवती सिंह येऊ नयेत म्हणून सौर पॅनेल, जुनी कारची बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा भाग आणि फुटक्या टॉर्चमधले दिवे जोडून लुकलुकणारी रांग केली. उजेड जागा बदलतोय म्हणजे माणूस फिरतोय, असं सिंहाला वाटावं ही युक्ती. तेव्हा तो अवघा अकरा वर्षांचा होता. २०१३मध्ये त्याने ही गोष्ट टेडच्या मंचावर सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या इयान व्हेलन या मेंढपाळाने 'फॉक्सलाइट' काढला. तो वेगवेगळ्या रंगांत, कसलाही ठेका न धरता चमकतो, आणि हिमालयात हिमबिबट्यापासून जनावरं राखायलाही वापरला गेला.

ठेका नसणं महत्त्वाचं आहे. एकाच तालावर लुकलुकणाऱ्या दिव्याला जनावर सरावतं. मग त्याच उजेडात डुक्कर निवांत मका खातं. बाजारातलं सजावटीचं तोरण बांधावर टांगून फार दिवस राखण होत नाही. सौर झटका मशीनचं कुंपण त्याहून भरवशाचं. ते जनावराला मारत नाही, फक्त दचकवतं. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळतं. थेट खांबावरची वीज तारेत सोडण्याचा जो जीवघेणा प्रकार अजून होतो, त्यात डुकरांसोबत वाघही मेले आहेत आणि माणसंही. त्याला आळा घालायचा तर झटका मशीन गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं पाहिजे.

वावरात उजेडाचा आणखी एक धंदा आहे, किडी गोळा करण्याचा. प्रकाश सापळा म्हणजे एक दिवा आणि खाली पाण्याचं भांडं. त्याला सौर झाकण बसवलं की तो विजेच्या खांबापासून दूर कुठेही उभा करता येतो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा तो फार उपयोगी. तो संध्याकाळी लावून रात्री दहाच्या सुमारास बंद करायचा असतो. रात्रभर ठेवला तर पिकाचे मित्र असलेले कीटकही त्यात जातात. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पराटी पोखरली, त्यानंतर गंधाने पतंग ओढणारे कामगंध सापळे सगळ्यांना ठाऊक झाले. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली, हे गणित आज शेतकरी सहज सांगतात. प्रकाश सापळ्यातल्या किडींचं असं मोजमाप अजून कमी जण ठेवतात.

जो उजेड पतंगाला ओढतो तो बरणीतला असला तरी ओढतोच. निळसर पांढरा अधिक, पिवळट कमी. जानेवारी २०२४मध्ये विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे भोवतालच्या गावांतले दिवे खाली तोंड करून, झाकण घालून लावण्यावर भर दिला गेला, म्हणजे आकाश काळं राहील आणि रात्रीचे जीव भरकटणार नाहीत. टिपेश्वरच्या कडेला रिसॉर्ट आणि होमस्टे वाढत आहेत, आणि अंगणात सौर बरण्यांच्या माळा टांगणं ही त्यांची आवड आहे. पिवळट उजेडाच्या, झोपायच्या वेळी बंद करता येणाऱ्या बरण्या निवडल्या तर पर्यटकाला आकाशगंगाही दिसेल. ती पाहायलाच तो इतक्या लांब आलेला असतो.

आता पुन्हा दुरुस्तीकडे, कारण सगळं घोडं तिथे अडतं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले चेतन सिंह सोलंकी हे मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले. त्यांच्या पुढाकाराने २०१४च्या सुमारास 'सोल' म्हणजे सौर ऊर्जा लॅम्प हा प्रकल्प उभा राहिला. खेड्यातल्या शाळकरी मुलांना अभ्यासाचा सौर दिवा द्यायचा, तोही फुकट नाही: १२० रुपये घेऊन. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात मिळून दहा लाखांच्या घरात दिवे वाटायचे ठरलं आणि ते झालं. यात लक्षात ठेवावं असं काम दिवा जोडण्याचं आहे. सुटे भाग तालुक्याला आले, गावातल्याच स्त्री-पुरुषांना डाग द्यायला आणि स्क्रू आवळायला शिकवलं, त्यांनी दिवे जोडले, शाळाशाळांत जाऊन विकले आणि त्यांनीच दुरुस्ती केंद्रं चालवली. ज्याने दिवा जोडला त्याला तो उघडायची भीती राहत नाही. पुढच्या टप्प्यात उत्तर प्रदेश, बिहार, आसाम, झारखंड आणि ओडिशा या राज्यांसाठी ७० लाख दिव्यांची योजना आली. राजस्थानच्या डुंगरपूरमध्ये आदिवासी बायकांनी दिवे जोडता जोडता सौर पॅनेल बनवण्याचा कारखानाच सुरू केला. 'दुर्गा' या नावाने तो ओळखला जातो.

घाटंजीत हे काम करू शकतील अशी माणसं आजही आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि बारीक नजर असते. बंद पडलेल्या सौर बरण्यांमध्ये पॅनेल आणि चिप बहुधा धड असतात. गेलेला असतो सेल, नाहीतर गंजलेला असतो त्याचा स्प्रिंग. सेल बदलायला आणि स्प्रिंग घासायला दहा मिनिटं पुरतात. अट एकच: झाकण उघडलं पाहिजे. चिकटवलेलं झाकण फोडावं लागतं, आणि फोडलेलं पुन्हा पावसाला टिकत नाही. कायद्याची चौकट आता आहे. ऑगस्ट २०२२मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम निघाले, आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आलं. वापरून झालेला माल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. तरी तालुक्याच्या गावात बंद पडलेली बरणी शेवटी उकिरड्यावरच जाते, कारण ती परत घेणारं कुणी तिथपर्यंत आलेलं नाही.

तोवर ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे त्याने एवढं जपावं. झाकणातल्या जुन्या सेलवर 'निकेल-मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट' असं लिहिलेलं असलं, तर त्याच आकाराचा आणि त्याच जातीचा सेल घालावा. घड्याळाचा किंवा रिमोटचा साधा पेन्सिल सेल तिथे बसतो, पहिल्या रात्री दिवा पेटतोही. पण तो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नसतो, आणि रोज उन्हात त्याच्यात प्रवाह ढकलला गेला की तो गळतो आणि चिपही खाऊन टाकतो. नवा सेल बसवल्यावर बरणी दोन-तीन दिवस कडक उन्हात, पेटू न देता, बटण बंद ठेवून भरू द्यावी. बटण बंद असताना चार्ज होत नसेल अशी बनावट असली, तर संध्याकाळी सेल काढून ठेवावा. झाकणाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी कापून बसवली की पावसाळा निघून जातो.